वन्संच्या लॅपटॉपचा पडदा

रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की पडदेवालीची पंचाईत व्हायची. चेहरा काही केल्या आठवत नसे. मग ती इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारायची, "तुमचे ते बदामी पडदे बरे आहेत ना?" समोरची म्हणायची, "बदामी कुठले हो, हिरवे. जिन्यातल्या खिडकीचे." बस, एवढं पुरे. जिन्यातली खिडकी म्हणजे साडेचार फूट बाय पावणेचार, डावा कोपरा अर्धा इंच खाली उतरलेला, बाहेर सायकलींचं दुकान आणि दुकानाच्या पत्र्यावर एकच बूट. तो बूट तिथे कसा पोहोचला असेल याचा विचार करत ती तेव्हा हातात टेप धरून पाच मिनिटं उभी राहिली होती, आणि घरमालकिणीला वाटलं होतं की बाईंना चक्कर आली.

एकोणतीस वर्षं ती लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली तिच्या कामाची. भिंतीला शिलाई मशीन, मधोमध जुन्या दाराची फळी टाकून केलेलं लांबलचक टेबल, आणि छताखाली आडव्या बांधलेल्या तीन दांड्यांवर तयार पडदे. दुपारचं ऊन त्या पडद्यांतून गाळून यायचं आणि ज्या दिवशी जे काम असेल त्या रंगाची खोली व्हायची. निळं काम असलं की तिचा नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "आज पाण्याखाली का?" आणि चहाचा कप ठेवून जायचा. फेरीबोटीवर तिकिटं तपासण्यात त्याची सगळी नोकरी झाली होती, त्यामुळे पाण्याखाली जायची भीती त्याने आयुष्यभर विनोदावर नेली होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आगगाड्यांची वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. साताचा एक झाला तर डबाभर माणसं फलाटावर उभी राहतील, या धास्तीत चौतीस वर्षं गेल्यावर माणूस जसं होईल तशा त्या झाल्या होत्या. जेवताना ताटाशेजारी घडी घातलेला पेपर आणि हातात पेन्सिल. चूक सापडली की "हं" म्हणून गोल करायच्या. त्रेसष्ट वर्षांच्या मिशाळ भावाला त्या अजून "बाळ" म्हणत आणि पडदेवालीला नावाने हाक न मारता "वहिनी" म्हणत, तेही अशा सुरात की वहिनी या शब्दातही एखादी चूक असावी.

त्या दोघींचं भांडण कधी झालं नाही. पण गूळपीठही नव्हतं. जेवायला बसलं की पडदेवाली दिवसभरात पाहिलेली खिडकी सांगायची. कुठे होती, बाहेर काय दिसत होतं, ऊन कुठल्या कडेने शिरत होतं. नवरा घास घेत "अरे वा" म्हणायचा. वन्सं पेपरातून डोकं वर काढत नसत. एकोणतीस वर्षांत एकदाही त्यांनी "मग?" असं विचारलं नव्हतं, आणि पडदेवालीनेही ते मनावर घेणं कधीच सोडून दिलं होतं. सांगितल्याशिवाय तिला घास उतरत नसे, म्हणून सांगायची.

लॅपटॉप तिने घेतला तो या खिडक्यांसाठीच. मोजमाप घेण्याआधी ती प्रत्येक खिडकीचा फोटो काढायची, आणि घरोघरचे फोटो त्यात वेगवेगळे ठेवायची. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून सुरुवात झाली, पण खरं सांगायचं तर ती ते स्वतःच पाहत बसायची. मशीनवर लांब सरळ शिलाई चालू असली की पाय आपोआप चालायचे, हात आपोआप कापड सारायचे, आणि शेजारी स्क्रीनवर एकामागून एक परक्या घरांच्या खिडक्या सरकत राहायच्या.

तर अशाच एका दुपारी तिच्या स्वतःच्या खिडकीवरचा रॉड कोसळला. गावाचे रॉड ठोकत फिरणाऱ्या बाईच्या घरचा स्क्रू दोन वर्षं ढिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रॉड खाली आला तो थेट उघड्या लॅपटॉपवर. स्क्रीनच्या कोपऱ्यात तडा गेला, आणि त्या तड्यातून शाई सांडावी तसा काळा डाग पसरत निम्म्यावर आला. उरलेल्या निम्म्यात उभ्या रंगीत रेघा. पडदेवाली रिंगा गोळा करायचं विसरून त्या रेघांकडे पाहत राहिली. वाईट वाटलंच, पण त्या रेघांचं कापड मिळालं तर काय बहार येईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटसुलट पाहिला, दुसऱ्या एका मोठ्या स्क्रीनला जोडून पाहिला. तिच्या खिडक्या तिकडे व्यवस्थित उमटल्या.

"मावशी, आतून हा ठणठणीत आहे. फक्त पडदा गेलाय."

पडदा हा शब्द ऐकून तिला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. "मग बदला की."

"या मॉडेलचा आता येत नाही. मागवून बघतो, पण कधी येईल याचा भरवसा नाही."

"घरी आणखी एक पडून आहे. त्याचा पडदा चांगला आहे, बाकीचा गेलाय. पण तो दुसऱ्या कंपनीचा."

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मावशी, तुम्ही पडदे शिवता. या घरची खिडकी काढून त्या घराला बसते का?"

"खिडकी नाही बसत," ती म्हणाली. "पडदा बसतो कधीकधी. दुमड सोडली तर."

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पडून असलेला लॅपटॉप वन्संचा होता. सव्वा वर्षापूर्वी बाळाने चष्मा शोधता शोधता पाण्याचा तांब्या त्यावर लवंडला होता. वन्संनी तो पुसून दोन दिवस उन्हात ठेवला. मग बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी तो एका उशीच्या अभ्र्यात घातला, कपाटावर ठेवला, आणि दुरुस्तीला न्यायचं नाव काढलं की कानांवर हात ठेवले. "आत काय आहे एवढं?" असं भावाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही. शब्द आहेत." पहाटे उठून त्या त्यावर काहीतरी टाइप करत, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पेन्शनच्या कचेरीला तक्रारी लिहीत असतील, असा पडदेवालीचा अंदाज होता. बाळाने मात्र त्या दिवसापासून बहिणीच्या खोलीत पाणी न्यायचं सोडलं ते सोडलंच.

त्या संध्याकाळी ती वन्संच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वन्सं, तुमचा लॅपटॉप उघडून पाहू का?"

"चालत नाही तो. उघडून काय दिसणार?"

"तसा उघडून नव्हे. उसवून."

वन्संनी पेन्सिल खाली ठेवली. हे क्वचित व्हायचं.

"माझा चालता आहे, त्याला पडदा नाही," पडदेवाली घाईने म्हणाली. "तुमचा पडदा चांगला आहे, त्याला बाकीचं नाही. दोन मोडक्यांतून एक धड होतोय का बघते. नाही म्हणालात तर नाही."

"आणि माझं आत जे आहे ते?"

"ते पडद्यात नसतं हो. ते खाली पोटात असतं. तेही काढून माझ्यात घेता येतं म्हणे."

"म्हणे म्हणजे त्या दुकानातल्याच्या हातून? त्याच्या हाती जाता कामा नये. कुणाच्याच नाही."

"पण आहे तरी काय?"

वन्सं खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सोडून काही नव्हतं. "स्वप्नं," त्या म्हणाल्या. "पहाटे उठले की लिहून ठेवायचे. नऊ वर्षं लिहिली."

तांब्या लवंडल्या दिवसापासून या बाईने स्वप्नांबद्दल एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं.

"मग सव्वा वर्ष कागदावर का नाही लिहिलीत?"

"कागदावर लिहिलं की मी चुका शोधत बसते. स्वप्न निघून जातं आणि हातात समासातल्या खुणा उरतात." वन्संनी कपाटाकडे पाहिलं. "आता तर पडतही नाहीत. पडत असतील, थांबत नाहीत."

त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कपाटावरून अभ्रा काढून पडदेवालीच्या हातांत दिला. "पण मी तिथे बसणार," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी लांब टेबलाशी बसल्या. त्या आठवड्यात एका नृत्यशाळेच्या अकरा खिडक्यांचं काम चालू होतं, दुधी रंगाचं जाळीदार कापड. अकराही पडदे दांड्यांवर लटकत होते आणि ऊन त्यांतून आत येऊन इतकं मऊ झालं होतं की कशाचीच सावली पडत नव्हती. ढगाच्या पोटात शिवणकाम मांडावं तशी ती खोली दिसत होती. बाळाला सक्त ताकीद होती की पाणी, चहा, काहीही पातळ घेऊन या दाराशी फिरकायचं नाही. तो बाहेरूनच ओरडला, "दोन्ही डॉक्टरांना शुभेच्छा!" आणि पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला.

पडदेवालीने आधी दोन्हींच्या बॅटऱ्या काढल्या. मग तपकिरी कागदावर दोन्हींचे आराखडे काढले, म्हणजे जिथला स्क्रू तिथल्या खुणेवर टोचून ठेवता येईल. स्क्रूंवर रबराची बारीक टिकली असते, ती तिने सुईने उचलली. स्क्रू निघाले. कडेची चौकट नखाएवढ्या आकड्यांनी धरलेली होती. ती तिने प्लास्टिकची पट्टी सारून टकटक करत सोडवली, जुनी शिवण उसवावी तशी, ताण न देता. ताण दिला की कापड फाटतं, हे हातांना ठाऊक होतं. वन्सं श्वास रोखून बसल्या होत्या. प्रत्येक टक् झालं की त्यांचे डोळे मिटायचे.

पहिला पडदा पुढे झुकवून तिने बटणांवर उपडा ठेवला. पाठीमागे चांदीसारखा पत्रा, खाली एक चपटी पट्टी जोडलेली, आणि मधोमध पांढरं लेबल. तिने ते वाचलं. परत वाचलं. मग उठून दुसऱ्या लॅपटॉपचा पडदाही तसाच उपडा केला.

"वन्सं, यावर माझ्या कंपनीचं नाव नाही."

"मग?"

"तुमच्यावर तुमच्या कंपनीचंही नाही. दोन्हींवर एकच तिसरं नाव आहे."

दोघी लेबलांवर वाकल्या. पडदेवालीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. तिच्या धंद्यात हे रोजचं होतं. चौकातल्या मोठ्या दुकानात एक कापड एका नावाने मिळतं, मागच्या गल्लीत तेच दुसऱ्या नावाने. काठ उलटून पाहिला की कळतं, गिरणी एकच आहे, शिक्के वेगळे.

"नाव एक असून भागत नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी खिशातून भिंग काढलं. आता त्या टेबलाशी बसलेल्या नणंद राहिल्या नव्हत्या, छापखान्यातल्या बाई झाल्या होत्या. "हा लांब क्रमांक आहे. तू तुझा मोठ्याने वाच, मी माझ्यावर बोट ठेवते. एकेक अक्षर. घाई नको."

पडदेवाली वाचू लागली. वन्संचं बोट सरकू लागलं. अक्षर, आकडा, आकडा, आकडा. बाहेर बाळाच्या घोरण्याचा ठेका लागला होता, पडदे मधूनच हलत होते, आणि वाचता वाचता पडदेवालीला वाटलं की आपण दोघी कुठल्यातरी दूरच्या स्टेशनाचं वेळापत्रक तपासतोय, आणि गाडी अजून निघायची आहे.

"शेवटचं अक्षर जुळत नाही," वन्सं म्हणाल्या. "तुझं बी, माझं डी."

"तो ताक्याचा नंबर असेल. कापड तेच."

"चूक ती चूक, वहिनी."

"छापण्यात असेल. शिवण्यात थोडं इकडेतिकडे चालतं."

वन्संनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण भिंग खाली ठेवलं. मग पडदेवालीने दोन्हींकडच्या चपट्या पट्ट्या सोडवल्या आणि सुईच्या टोकाने त्यांच्या तोंडातले बारीक दात मोजले. इकडे तीस. तिकडेही तीस. जागाही तीच, उजव्या हाताला खाली.

अडलं ते कानांवर. वन्संच्या पडद्याला वर दोन आणि खाली दोन असे पत्र्याचे कान होते. पडदेवालीच्या झाकणात त्या जागी प्लास्टिकच्या दोन खुंट्या उभ्या होत्या. पडदा बसवायला गेलं की वरचे कान खुंट्यांवर टेकायचे आणि सगळं बोटभर वर राहायचं.

"कान कापायचे?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"कापडाला कात्री लावायची नाही. रॉडची जागा बदलायची." तिने पकडीने आपल्याच झाकणातल्या खुंट्या खुडून टाकल्या. आता पडदा खाली बसला, पण स्क्रूंची भोकं जुळेनात आणि तो आत डुगडुगू लागला. मग तिने पडद्याच्या चुण्यांना ताठपणा यावा म्हणून घालतात ते बकरम घेतलं, त्याच्या अगदी निमुळत्या पट्ट्या कापल्या, आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने त्या कडेकडेने बसवल्या. पडदा त्यात असा अलगद बसला की जणू मोजून शिवला होता. चपटी पट्टी जोडली, चौकट लावली, बॅटरी सरकवली.

"दाबा तुम्ही," ती म्हणाली.

वन्संनी बटण दाबलं.

बटणातला दिवा लागला. आतला पंखा फिरू लागला. पडदा मात्र काळाच. दोघी थांबल्या. मिनिट गेलं, दुसरं गेलं. पडदेवालीला वाटलं, आपला मोडका होता तो होता, दुसऱ्याचंही धड होतं ते उसवून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"थांब," वन्सं म्हणाल्या. त्या पडद्याच्या अगदी जवळ नाक नेऊन पाहत होत्या, जन्मभर बारीक टाइप पाहिलेल्या डोळ्यांनी. "यात काहीतरी आहे. उजेड दे."

पडदेवालीने मोबाइलचा टॉर्च लावून तिरका धरला. आणि काळ्या काचेच्या तळाशी, खोल विहिरीत काही पडलेलं दिसावं तसं, चित्र दिसलं. तिने स्क्रीनवर नेहमी लावलेली ती खिडकी होती, बंद पडलेल्या एका टपाल कचेरीची, उंचच उंच, अर्धा पडदा वाऱ्याने बाहेर उडालेला. उजेड तळहाताएवढाच पडत होता. तो जिथे जाई तिथलं तेवढं दिसे आणि पुढे सरकला की मागचं विरून जाई. आधी पडद्याची कड. मग खिडकीचा उंबरा. मग उंबऱ्यावर बसलेलं कबूतर, जे पडदेवालीने इतक्या वर्षांत त्या फोटोत कधी पाहिलंच नव्हतं.

"आहे," वन्सं कुजबुजल्या. "सगळं आत आहे."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दोघी डोक्याला डोकं लावून त्या काळ्या काचेत उजेड फिरवत राहिल्या. दुधी पडदे त्यांच्या भोवती फुगत होते, ओसरत होते. हे दुरुस्त करायचं आहे याची आठवण कुणी काढली नाही. पडदेवालीला तर वाटलं, हे असंच राहिलं तरी काय बिघडलं? रोज थोडं थोडं उजेडाने चाचपून पाहायचं.

शेवटी वन्संनीच मान वर केली. "स्वप्न असंच दिसतं," त्या म्हणाल्या. "जिथे बघाल तेवढंच असतं."

मग पडदेवालीचं डोकं चालू लागलं. चित्र येतंय आणि उजेड येत नाही, म्हणजे कापड लागलंय, मागची खिडकी बंद आहे. तिने पुन्हा बॅटरी काढली, चौकट उसवली आणि ती चपटी पट्टी पाहिली. पट्टी दोऱ्याएवढी तिरकी बसली होती. एका टोकाचे दात नीट टेकले नव्हते. तिने ती काढली, दोन्ही अंगठे सारखे ठेवून सरळ दाबली, वरून टेप चिकटवला.

या वेळी बटण दाबल्यावर पडदा उजळला आणि दोघींच्या चेहऱ्यांवर टपाल कचेरीच्या खिडकीतलं ऊन पडलं. वन्संनी तोंडावर हात ठेवला. पडदेवालीचा जीव भांड्यात पडला, आणि बाहेर त्याच क्षणी बाळ जागा होऊन म्हणाला, "आता तरी चहा आणू का?"

"दारातच ठेव!" दोघी एकदम ओरडल्या.

राहिलं वन्संचं पोटातलं. दुसऱ्या दिवशी पडदेवाली दुरुस्तीवाल्याकडे एक डबी मागायला गेली, जुन्या लॅपटॉपची डिस्क तिच्यात घातली की वायरीने दुसऱ्याला जोडता येते तशी.

"बसला पडदा?" त्याने विचारलं. "दुसऱ्या कंपनीचा?"

"गिरणी एकच निघाली हो."

तो जोरात हसला. "ते आम्हालाही माहीत असतं मावशी. पण कान जुळवत कोण बसणार? तुम्ही काय केलंत?"

"बकरम," ती म्हणाली, आणि तो तोंड उघडं ठेवून पाहत असताना डबी घेऊन बाहेर पडली.

डिस्क डबीत गेली, वायर जोडली, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक नवं चिन्ह उमटलं. पडदेवाली लगेच उठून मशीनशी जाऊन बसली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. "मी बघत नाही. तुम्ही तुमचं तपासून घ्या, सगळं आहे का." मागून बटणांचे आवाज आले. तिने नृत्यशाळेचा शेवटचा पडदा सुईखाली घेतला आणि सरळ शिलाई सुरू केली.

"सगळं आहे," वन्सं म्हणाल्या. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, त्या मोठ्याने वाचू लागल्या. मुद्रित वाचायचा त्यांचा आवाज होता तो, सपाट, स्वल्पविरामासकट.

"मंगळवार. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. मी एका अरुंद खोलीत आहे. खोलीला एकच खिडकी आहे आणि खिडकीसमोर दोन हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. भिंतीवर कुणीतरी निळी शिडी रंगवलेली आहे. मी खिडकीतून पाय बाहेर टाकते आणि त्या शिडीवरून खाली उतरते. रंग ओला नाही. खाली छापखाना आहे, पण यंत्रांतून कागदाऐवजी कापड निघतं आहे."

मशीन थांबलं.

"वन्सं, ती निळी शिडी माझी आहे."

"काय?"

"म्हणजे खिडकी माझी. कुलपं बनवणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या घरची. तीन बाय साडेतीन, जाडं राखाडी कापड लावलं होतं. समोरच्या भिंतीवर निळी शिडी होती, कुणी रंगवली ते त्यालाही माहीत नव्हतं. मी जेवताना सांगितलं होतं एकदा."

वन्संनी पान पुढे सरकवलं आणि वाचलं. रेशीम ठेवण्याच्या गोदामाची गोल खिडकी, जिच्यातून वन्सं स्वप्नात एक आख्खी आगगाडी दोऱ्यासारखी ओवून घेत होत्या. दंतवैद्याच्या घरचं तावदान, ज्याच्या पलीकडे समुद्र नसून समुद्राचा आवाज तेवढा ठेवलेला होता. पत्र्यावरचा बूट तर तीन वेळा आला होता, आणि एका स्वप्नात तो दोन्ही पायांत बसला होता. एकेक खिडकी पडदेवालीने ओळखली. मापासकट.

"तुम्ही ऐकत होता," ती म्हणाली. "मी आपली एकोणतीस वर्षं समजत होते की भिंतीशी बोलतेय."

"ऐकत नसते तर कान बंद नसते केले?" वन्संनी भिंगाच्या कडा पुसल्या. त्या ओल्या नव्हत्या. "मी कुठे गेले आहे वहिनी? घर, छापखाना, घर. माझ्या स्वप्नांना जायला जागाच नव्हती. तू रोज एक आणून द्यायचीस."

"मग कधी एका शब्दाने विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू मला सांगायला लागली असतीस. तू कुणा एकाला म्हणून सांगत नव्हतीस, ते मला बरं वाटायचं."

पडदेवालीने पुन्हा मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे ती शिलाई अर्धा फूट वाकडी गेली, आणि नंतर तेवढी उसवावी लागली.

बाळाला रात्री जेवताना सगळं कळलं. "मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे ऐकलं होतं," तो म्हणाला. "एकीच्या मनी आणि दुसरीच्या स्वप्नी, हे नवीन."

त्या दिवसापासून एका लॅपटॉपवर दोन बायकांचा संसार सुरू झाला आणि एकोणतीस वर्षं न झालेली भांडणं आठवड्यात झाली. पडदेवालीने फोटोंना दिलेल्या नावांत चारशे ठिकाणी 'खीडकी' असं लिहिलेलं होतं. वन्संनी एका सकाळी बसून चारशेच्या चारशे ऱ्हस्व करून टाकल्या आणि त्या नादात सगळं अक्षरक्रमाने लावलं. पडदेवालीला एकही घर सापडेना. "माझी दीर्घच होती, मला दीर्घच पाहिजे!" ती ओरडली. वन्संनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सगळं तारखेनुसार लावून दिलं. इकार मात्र ऱ्हस्वच ठेवला.

स्वप्नं लगेच आली नाहीत. वन्सं पहाटे उठायच्या, लॅपटॉप उघडायच्या, रिकाम्या पानासमोर बसायच्या आणि बंद करायच्या. पडदेवाली स्वयंपाकघरातून पाहायची, बोलायची नाही. मग एका सकाळी वन्सं खोलीतून आल्या त्या केस मोकळे, चप्पल एकाच पायात, आणि कुणाकडेही न पाहता टेबलाशी जाऊन टाइप करू लागल्या. बाळाने काही विचारायला तोंड उघडलं तेव्हा पडदेवालीने त्याचा दंड धरून त्याला परत आत नेलं.

पुढच्या महिन्यात तिला शहराबाहेरच्या एका पिठाच्या गिरणीचं काम आलं. मालकाला वरच्या मजल्यावर राहायला खोली करायची होती. गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळीकडे अजून पीठ होतं, तुळयांवर, जिन्याच्या कठड्यावर, कोळ्याच्या जाळ्यांवरसुद्धा. वरच्या खोलीला पश्चिमेची एकच मोठी खिडकी होती. मालक खाली गेल्यावर तिने टेप बाहेर काढला आणि नेहमीसारखी उभी राहिली. मग टेप खिशात टाकून तिने घरी फोन लावला.

"वन्सं, कामात आहात?"

"पेपर वाचतेय. पान चारवर तीन चुका आहेत."

"ठेवा तो. रात्री जेवताना सांगितलं असतं, पण तोपर्यंत ऊन जाईल. लिहून घेऊ नका, नुसतं ऐका. सहा फूट बाय पाच. काचेवर आतून पीठ आहे, आणि त्यावर कुणीतरी बोटाने काहीतरी लिहिलंय, पण उलटं आहे, बाहेरून वाचायचं."

पलीकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"मग?" वन्संनी विचारलं.

पडदेवाली काचेच्या आणखी जवळ गेली.